कोरा पास

शेवटच्या आठवड्यात माणसं ज्या तऱ्हेनं तुटून पडली ते मी अजून विसरलेले नाही. बंदराच्या इमारतीतलं आमचं ड्यूटी-फ्री दुकान रविवारी कायमचं बंद होणार, अशी पाटी लागली आणि सोमवारपासून रांग दाराबाहेर गेली. ज्यांना मी अकरा वर्षं 'या काका, बसा काकू' करत आले, तीच माणसं एकमेकांच्या बरगड्यांत कोपरं खुपसत होती. परफ्यूमच्या नमुन्याच्या बाटल्या असतात ना, 'विक्रीसाठी नाही' असं लिहिलेल्या, त्यासुद्धा लोकांनी खिशात घातल्या. एका बाईनं चॉकलेटचा डबा काउंटरवरच फोडला, त्यातली दोन खाल्ली आणि म्हणाली, हे नको, दुसरं दाखवा. गुरुवारी ढकलाढकलीत व्हिस्कीची बाटली फुटली. मी फडकं घेऊन येते तर एक सुटाबुटातला गृहस्थ उकिडवा बसून फरशीवरची दारू रुमालात टिपून घेत होता. मला म्हणाला, जरा थांबा.

मी थांबले. अकरा वर्षं गिऱ्हाईकाला नाही म्हणायची सवयच नव्हती.

मी दारूच्या काउंटरवर होते. आमच्या घरात बाटली म्हणजे खोकल्याच्या औषधाची, आणि तीही सासूबाई नाक मुरडून उघडणार. मला ही नोकरी लागली तेव्हा त्या तीन दिवस माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, विकणारा पितोच असं नाही, सोनार काही सगळे दागिने अंगावर घालून बसत नाही. मग माझं निळं जाकीट त्यांनी स्वतःच उसवलं आणि मापात करून दिलं, कारण दुकानानं दिलेलं माझ्या अंगावर पोत्यासारखं लोंबत होतं. त्या शिवणकाम करायच्या. सासरे लवकर गेले. माझ्या नवऱ्याला त्यांनी त्या मशीनवर वाढवलं, शिकवलं आणि बोटीच्या इंजिनखोलीत कामाला लावलं. त्यांची शिवण इतकी सरळ असायची की लोक उगाचच कपडा उलटा करून बघायचे.

साडेचार वर्षांपूर्वी तीच शिवण त्यांना वाकडी दिसायला लागली. आधी वाटलं मशीन बिघडलं. मग दाराची चौकट वाकडी दिसायला लागली, मग माझं तोंड. डोळ्याच्या मधोमध डाग पडत चालला होता. दर चार आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, आणि चुकवलं तर गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. ते इंजेक्शन आमच्याकडे मिळत नाही. पाण्यापलीकडच्या देशातल्या दवाखान्यात मिळतं. बोटीनं अडीच तास लागतात. रस्त्यानं जायचं तर सगळ्या आखाताला वळसा घालून दीड दिवस, आणि तेवढ्या भाड्यात आमचा महिना निघतो.

बोट सकाळी साडेसातला सुटायची आणि संध्याकाळी परत यायची. तिकीट सिनेमाच्या तिकिटापेक्षा स्वस्त होतं. इतकं स्वस्त कसं, हे आमच्या गावात कधी कुणी विचारलं नाही. दान मिळालेल्या गाईचे दात कोण मोजतो. उत्तर खरं तर आमच्या डोळ्यांसमोर होतं. दुकान आणि बोट एकाच कंपनीची होती. प्रवासी परदेशात चाललाय म्हणून त्याला बिनकराची दारू मिळायची, ती घ्यायला माणसं बोटीत चढायची, आणि दारूच्या नफ्यातून बोटीचं डिझेल निघायचं. तिकिटाचे पैसे फार तर दोरखंडाला पुरले असते.

आता कोऱ्या पासाचं सांगते. हे सांगायचं म्हणूनच मी बसलेय, बाकीचं सगळं मी लांबण लावतेय.

एका प्रवाशाला एका फेरीला दोन बाटल्या, असा नियम होता. बोर्डिंग पास स्कॅन करायचा, बाटल्या त्या पासावर चढवायच्या, पिशवीला सील लावून पावती आत टाकायची. कस्टमवाले परतीच्या वेळी फक्त पावत्या आणि बाटल्या जुळवायचे. पण रोजचे काही बाटलीबहाद्दर असायचे. त्यांना दोन पुरायच्या नाहीत. दुसरीकडे असेही प्रवासी असायचे की जे काहीच घ्यायचे नाहीत: परीक्षेला चाललेली मुलगी, पलीकडे नोकरी करणारा सुतार, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं. त्यांच्या पासाला आम्ही कोरा पास म्हणायचो. कोरा पास दिसला की गोड बोलून हातात घ्यायचा, 'सीट नंबर बघते हं' म्हणायचं, आणि काउंटरखाली स्कॅनरला दाखवायचा. दोन बाटल्या त्याच्या नावावर चढायच्या आणि बाटलीबहाद्दराच्या पिशवीत जायच्या. कुणाचं काही जायचं नाही. निदान आम्ही तसं म्हणायचो.

हे आम्हाला आमच्या मॅनेजरनं शिकवलं. त्याला आम्ही टक्केसाहेब म्हणायचो, कारण तो घरी जेवायला बसला तरी बायकोला 'आज भाजी ऐंशी टक्के बरी झालीय' असं सांगत असणार याची आम्हाला खात्री होती. कोरा पास म्हणजे शिजवून फेकून दिलेलं अन्न, वाया जाऊ द्यायचं नाही, असं त्याचं ब्रीद होतं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो ते आमच्याकडून वदवून घ्यायचा.

सासूबाईंचा पास माझ्याच खिशात असायचा. त्यांना अक्षर दिसायचं नाही आणि त्या कागद हरवायच्या. मी त्यांना परफ्यूमच्या काउंटरमागे स्टुलावर बसवायची, बोटीची वेळ झाली की धरून पायऱ्यांपर्यंत न्यायची आणि तिथून नवरा त्यांना वर घ्यायचा. पहिल्या दोन फेऱ्यांना मी त्यांचा पास तसाच ठेवला. तिसऱ्या वेळी महिनाअखेर होती आणि टक्केसाहेब माझ्या मानेशी उभा होता. दोन बाटल्या कुणाच्या तरी पिशवीत गेल्या आणि सासूबाई डोळ्यात सुई टोचून घ्यायला गेल्या. मला काही म्हणजे काही वाटलं नाही. चौथ्या वेळेपासून तर हात आपोआप खिशात जायला लागला. त्या वर्षी मी तीनदा महिन्याची मानकरी झाले. माझा फोटो भिंतीवर लागला आणि बक्षीस म्हणून इस्त्री मिळाली. ती इस्त्री सासूबाईंना फार आवडली. माझ्या सुनेनं कष्टानं मिळवलीय, असं त्या शेजारणींना सांगायच्या.

मग समिती आली. प्रवाशांची बिनकराची खरेदी बंद करावी की नाही, हे तिला ठरवायचं होतं. गावातल्या दुकानदारांची तक्रार होती की आम्ही कर भरायचा आणि यांनी भरायचा नाही, हा कुठला न्याय. त्यात खोटं काही नव्हतं. समितीला एवढंच जाणून घ्यायचं होतं की या बोटीनं खरे प्रवासी किती जातात, आणि बाटलीसाठी नुसत्या चकरा मारणारे किती.

एवढं जर टक्केसाहेबाला कळलं असतं तर. पण त्याला वाटलं, दुकान लोकांना किती हवंय ते दाखवायचं आहे. त्यानं रात्रभर बसून फळा रंगवला. सकाळी मीच तो ओल्या फडक्यानं पुसून चकचकीत केला. शंभर प्रवाशांत शहाण्णव जण आमच्याकडून दारू घेतात, असं त्यावर मोठ्या आकड्यांत होतं. आमच्याकडे आलेला माणूस रिकाम्या हातानं जात नाही, असं तो समितीतल्या अधिकारीण बाईंना पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि शेजारी महिन्याची मानकरी म्हणून मी उभी होते, दात दाखवत. बाईंनी आकडा उतरवून घेतला. त्या गेल्यावर आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. दुकान वाचलं म्हणून टक्केसाहेबानं स्वतःच्या खिशातून बिस्किटं मागवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि वर बिस्किटं.

अहवाल आला. शंभरातले शहाण्णव जण केवळ खरेदीसाठी फिरतात, प्रवास हे निमित्त आहे, त्यामुळे सवलत बंद केल्यानं खऱ्या प्रवासाला धक्का लागणार नाही, खरेदी गावातल्या दुकानांकडे वळेल आणि कर तिजोरीत येईल. दुकान बंद झालं. बोटीचं तिकीट आधी तिप्पट झालं, मग बोट दिवसाआड झाली, सातव्या आठवड्यात ती दोरांनी बांधून ठेवली आणि दहाव्या आठवड्यात कुणीतरी विकत घेऊन ओढत नेली. सामानाच्या हातगाड्या ओढणारे गेले. बोटीतल्या सीटांची कव्हरं धुणारी लाँड्री गेली. पहाटे चारला भट्टी पेटवणारा बेकरीवाला आता सातला उठतो आणि शिव्या देतो. तक्रार करणाऱ्या दुकानदारांनी करवाली व्हिस्की मांडली, तिच्यावर धूळ बसलीय, कारण ती घेणारी माणसं गावातली नव्हतीच, बोटीसाठी बाहेरून यायची आणि जाताजाता यांच्याकडूनच चपला, छत्र्या, बॅगा घेऊन जायची. सगळ्यात पुढे होऊन सह्या गोळा करणारा बॅगवाला परवा मला विचारत होता, दुकान पुन्हा चालू व्हायची काही शक्यता आहे का. मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण त्याच्यावर थुंकायला मी कोण.

तिजोरीत काय आलं ते तिजोरीला ठाऊक.

आमच्या घरात दोन पगार होते, ते शून्य झाले. मग बंदर कार्यालयानं एक छोटी लाँच सुरू केली. आठवड्यातून एकदा, मंगळवारी. चोवीस सीटा. खऱ्या गरजू प्रवाशांसाठी: उपचार, शिक्षण, नोकरी. अर्ज करायचा, सुनावणी होणार आणि यादीत नाव लागलं तरच चढायचं. तिच्या इंजिनावर माझ्या नवऱ्याला घेतलं. त्या दिवशी आम्ही किती दिवसांनी पोटभर जेवलो. सासूबाईंची दोन इंजेक्शनं तोवर चुकली होती, पण आता काळजी मिटली असंच वाटत होतं. यांच्याइतकं खरं गरजू गावात दुसरं कोण होतं.

सुनावणी बंदर कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होती. टेबलामागे त्याच अधिकारीण बाई होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही, किंवा ओळखल्याचं दाखवलं नाही. मी दवाखान्याचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून नेले होते. त्यांनी ते नीट पाहिले. कागद खरे आहेत यात शंका नाही, असं म्हणाल्या. मग त्यांनी संगणकाकडे मान वळवली, आणि त्या क्षणी, खरंच सांगते, त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं की त्यात काय असणार आहे.

"आजी, तुमच्या एकोणपन्नास फेऱ्या दिसतायत," बाई म्हणाल्या. "त्यातल्या सत्तेचाळीस फेऱ्यांना दोन दोन बाटल्या दारू घेतलीये. चौऱ्याण्णव बाटल्या."

सासूबाई हसल्या. त्यांना वाटलं बाई दुसऱ्याच कुणाचं वाचतायत. बाईंनी पास नंबर वाचला, तारखा वाचल्या. नियम समजावून सांगितला: निम्म्याहून जास्त फेऱ्यांना खरेदी असेल तर तो खरेदी-प्रवासी, मग दवाखान्याचे कागद असोत नसोत. बोलण्यात उर्मटपणा नव्हता. उलट थोडी लाज होती, म्हाताऱ्या बाईला असलं काही विचारावं लागतंय याची. नोंद चुकीची असेल तर तसं लेखी द्या, चौकशी होईल, असंही म्हणाल्या. खोटी नोंद कुणी केली हे त्यात निघेल. ती सरकारची फसवणूक आहे, आणि करणाऱ्याच्या घरातल्या कुणालाही बंदरात काम करता येणार नाही.

खाली धक्क्यावर माझा नवरा लाँचच्या इंजिनाची दुरुस्ती करत होता. त्याच्या हातोड्याचा आवाज खिडकीतून वर येत होता.

सासूबाईंनी मान माझ्याकडे वळवली. सरळ बघितलं तर त्यांना माणसाचं तोंड दिसत नाही, मधोमध डाग येतो, म्हणून त्या थोडं बाजूला बघतात, कानाकडे. तशा बघत राहिल्या. मी माझ्या चपलेचा अंगठा बघत होते. तेवढ्यातच त्यांना सगळं कळलं. माझ्या खिशातला पास, परफ्यूममागचं स्टूल, भिंतीवरचा फोटो, इस्त्री. ज्या बाईला शिवणीतला एक टाका चुकला तर अंधारात हाताला कळतो, तिला हे कळायला कितीसा वेळ लागणार.

"घेतल्या," त्या म्हणाल्या. "मीच घेतल्या. सवय लागली होती."

बाईंचं पेन थांबलं. "आजी, सगळ्या तुम्ही?"

"एकटं माणूस, म्हातारपण. लागते सवय," सासूबाई म्हणाल्या, आणि मांडीवरची पिशवी नीट केली.

मी तोंड उघडू शकले असते. दार उघडं होतं, बाईंच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांचा विश्वास बसलेला नाही. एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोलले नाही. बाईंनी शेवटी लिहिलं, शिक्का मारला आणि सही कुठे करायची ते दाखवलं. सासूबाईंना ओळ दिसेना, म्हणून मी त्यांचा हात धरून पेन ओळीवर ठेवलं. एवढी मदत मात्र मी केली.

जिन्यात मला शिसारी आली, स्वतःची. कठड्याला धरून मी उभी राहिले आणि म्हणाले, आई, मी परत वर जाते, सगळं सांगते. त्यांनी माझं मनगट धरलं. शिवणकामानं त्यांची बोटं अजून चिमट्यासारखी आहेत.

"घरात एक पगार आहे," त्या म्हणाल्या. "डोळे माझे आहेत, त्याचं मी बघेन. तू खाली चल."

मग चार पायऱ्या उतरल्यावर म्हणाल्या, "चौऱ्याण्णव बाटल्या. निदान बुचाचा वास तरी द्यायचास."

मी हसावं म्हणून म्हणाल्या असतील. आजवर मला कुणी इतकं लागेल असं बोललेलं नाही. गावात ही बातमी संध्याकाळच्या आत फिरली. इस्त्रीचं कौतुक ऐकलेल्या शेजारणी आता सासूबाईंना विचारतात, काय आजी, आज कुठली. त्या म्हणतात, आज उपास.

दुसऱ्या दिवशीही मी वर गेले नाही, तिसऱ्याही नाही. रोज सकाळी कारण तयार असतं आणि ते खरंही असतं. टक्केसाहेब आता दुसऱ्या गावात मोबाइलच्या दुकानात आहे. त्याला शिव्या दिल्या की थोडं बरं वाटतं, पण तो काही माझ्या खिशात हात घालून पास काढत नव्हता.

आता पाच महिने झाले. सासूबाईंनी मशीनवर कापड टाकून ठेवलंय. दर मंगळवारी मी नवऱ्याचा डबा घेऊन धक्क्यावर जाते आणि त्या माझ्याबरोबर येतात, वारा लागतो म्हणून. पहिले काही मंगळवार मी फाटकावरच्या शिपायाला विनवलं होतं की एखादी सीट रिकामी राहिली तर म्हातारीला बसू द्या. तो म्हणाला, यादीत नाव नाही तर नाही, लाँच रिकामी गेली तरी चालेल. ती तशीच जाते. यादीतले निम्मे लोक आता गाव सोडून गेलेत.

काल मी मोजलं. नऊ माणसं चढली. परीक्षेवाली मुलगी होती, सुतार नव्हता. पंधरा सीटा कोऱ्या. एकेकाळी मी एकही कोरा पास वाया जाऊ दिला नव्हता, तीच मी धक्क्यावर उभी राहून पंधरा कोऱ्या सीटा पाण्यावरून जाताना पाहिल्या. इंजिनाचा आवाज वाढला. सासूबाईंनी त्या दिशेनं कान केला.

"भरली का गं?" त्यांनी विचारलं.

"भरली," मी म्हणाले. "उभं राहायला जागा नाही."

"बरं झालं. लोकांची सोय झाली," त्या म्हणाल्या, आणि लेकाला म्हणून हात हलवला. लाँच डावीकडे वळली होती आणि त्या उजवीकडे बघत होत्या.